औषध पुण्यात, रुग्ण धडगावात

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या सरकारी संशोधन संस्थेचा सिकलसेलवरचा देशी जनुक-उपचार जाहीर झाला. बिरसा मुंडांच्या जन्माला त्या महिन्यात दीडशे वर्षे झाली, म्हणून नाव ठेवले ‘बिरसा १०१’. उत्पादनासाठी तंत्रज्ञान सोपवले गेले पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. परदेशात काही कोटींना मिळणारा उपचार आता आपल्याकडे स्वस्तात मिळणार, असा बातम्यांचा सूर होता. स्वस्त म्हणजे किती आणि तो कुणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. उपचार माणसांवर सिद्ध व्हायचा आहे, चाचण्या, परवानग्या आणि उत्पादन हा सगळा पल्ला अजून पुढे आहे, मग किमतीची घाई आत्ताच कशाला, असे कुणी म्हणेल. पण औषधाची किंमत आणि त्याची पोच ही औषध तयार झाल्यावर ठरत नाही. करारावर सह्या होताना, चाचणीसाठी इस्पितळ निवडताना, कोणत्या रुग्णांची नोंद ठेवायची हे ठरवताना ती ठरत जाते. म्हणजे बिरसा १०१ च्या बाबतीत ती आत्ता ठरते आहे, आणि ज्यांच्यासाठी ती ठरते आहे ती माणसे धडगाव, भामरागड, धारणी अशा आदिवासी तालुक्यांत राहतात.

सिकलसेलइतका तळापर्यंत उलगडलेला आजार वैद्यकात क्वचितच सापडेल. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनेडाहून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्या आणि त्यांची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूपर्यंत नेण्याची ही पहिलीच वेळ. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका हेरला. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बस्स. जनुकाच्या भाषेत एक अक्षर चुकते. त्या एका अक्षरामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे होतात आणि पेशी वाकडी होते. एरवी १२० दिवस जगणारी तांबडी पेशी १०-२० दिवसांत मरते आणि मरण्याआधी बारीक रक्तवाहिन्या तुंबवते. सहा-आठ महिन्यांच्या बाळाची बोटे अचानक सुजतात, आई समजते मुका मार लागला असेल. पुढे सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. विदर्भातल्या डिसेंबरच्या थंडीत आणि मेच्या उन्हात त्या वाढतात. प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग जीवावर बेततो. दोष आई-वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो आणि सहसा धडधाकट जगतो. इतकेच नव्हे, वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत १९५४ मध्ये दाखवले. जंगलपट्ट्यात हा जनुक का टिकला, याचे उत्तर त्यात आहे.

भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला आणि १९५८ मध्ये नागपुरातून मध्य भारतातली नोंद आली. नंतरच्या तपासण्यांतून गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा या जमातींत आणि विदर्भातल्या बौद्ध व इतर समाजांतही तो आढळत गेला; महाराष्ट्रातल्या काही गटांत वाहकांचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. म्हणजे हा आजार आपल्याला सत्तरहून अधिक वर्षे माहीत आहे. एवढ्या काळात त्याच्या रेणूचा कोपरान्‌कोपरा उजळला, पण रुग्णाला आपला आजार कळायला लागणारा वेळ त्या मानाने फारच सावकाश कमी झाला. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना सिकलसेल सोसायटी उभी करून वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले, तेव्हा कुठे या रुग्णांकडे लक्ष गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, तोही असाच रेटून.

जनुक-उपचाराची वाट एका जुन्या निरीक्षणातून निघाली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की नवजात बाळांना या आजाराचा त्रास होत नाही. कारण गर्भात असताना शरीर वेगळे हिमोग्लोबिन वापरते, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत गर्भाचे हिमोग्लोबिन बंद होते, प्रौढांचे सुरू होते आणि दुखणे उघडे पडते. हे बंद करणारा खटका कुठे आहे, याचा शोध साठ वर्षे चालला. २००८ मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी बीसीएल११ए हा जनुक त्यासाठी जबाबदार असल्याचे दाखवले. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिये यांनी जीवाणूंच्या संरक्षणयंत्रणेतून क्रिस्पर हे जनुक-संपादनाचे हत्यार घडवले आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन्ही धागे एकत्र आले ते कॅसजेव्ही या उपचारात. त्यात सिकलसेलचा मूळ दोष दुरुस्त करत नाहीत. तांबड्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशींत बीसीएल११ए चा जोर मोडतात, म्हणजे गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र कळांचा एकही झटका आला नाही. महिन्यातून दोनदा इस्पितळ गाठणाऱ्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मात्र हा उपचार प्रत्यक्षात कसा होतो ते जवळून पाहिले पाहिजे, कारण किमतीचे रहस्य तिथेच आहे. आधी रुग्णाला इंजेक्शने देऊन अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवतात. मग तासन्‌तास यंत्राला जोडून रक्तातून त्या वेगळ्या काढतात. पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा बोलावतात. पेशी कारखान्यात जातात, विजेचा सौम्य झटका देऊन संपादनाचे रेणू त्यांच्यात शिरवतात, तपासण्या होतात, गोठवतात. यात काही महिने जातात. मग बुसल्फान या जहाल औषधाने रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करतात, केस गळतात, तोंड येते, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. त्यानंतर संपादित पेशी शिरेतून सोडतात आणि त्या रुजेपर्यंत रुग्णाला काही आठवडे वेगळ्या, निर्जंतुक खोलीत ठेवतात. एवढे करून बरा झालेला माणूस आपल्या मुलांना तोच सदोष जनुक देतो, कारण संपादन फक्त त्याच्या रक्तपेशींपुरते असते. मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये होती आणि इस्पितळाचा खर्च वेगळा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही २०२५ मध्ये मंजुरी देताना वर्षाला साधारण ५० रुग्णांचाच हिशेब धरला.

यावरून आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघतो की हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. तो घाईचा आहे, कारण १८ कोटी ही रेणूची किंमत नव्हे. त्यात पेटंट, गुंतवणूकदारांचा परतावा, एकेका रुग्णासाठी चालवलेला कारखाना आणि अमेरिकी बाजार काय सोसेल याचा अंदाज, असे बरेच काही आहे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह घडवलेला नेक्सकार१९ हा कार-टी पेशी-उपचार इथे पुरावा म्हणून उभा आहे. तोही रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, त्यांच्यात जनुक घालून परत देण्याचा प्रकार. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि अमेरिकेत तीन-चार कोटींच्या घरात जाणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने डिसेंबर २०२४ मध्ये हिमोफिलियावरच्या जनुक-उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच रुग्णांत पाहणीच्या काळात रक्तस्राव झाला नाही. रुग्ण फक्त पाच होते, हे विसरू नये. तरी मूळपेशी काढणे, त्यांच्यात जनुक घालणे आणि त्या परत रुजवणे हे सगळे भारतीय इस्पितळात होते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पण माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार एका लशीचा आहे, आणि ती लस पुण्याचीच आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या ‘ए’ जातीच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घेत. श्रीमंत देशांत हा जंतू फारसा नव्हता, म्हणून मोठ्या कंपन्यांना लशीत रस नव्हता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने लशीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकी देशांकडून आलेली अट स्पष्ट होती: एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या वर गेली तर लस आम्हाला परवडणार नाही. म्हणजे किंमत आधी ठरली, मग त्या किमतीत लस करून देणारा शोधला गेला. अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेतले तंत्र सीरम इन्स्टिट्यूटकडे आले आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. त्या जातीच्या साथी त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या. जनुक-उपचार लशीइतका सोपा नाही, त्याची अर्ध्या डॉलरशी तुलना करणे खुळेपणाचे ठरेल. मुद्दा क्रमाचा आहे. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन कंपनीकडे सोपवताना किमतीची कमाल मर्यादा आधी घालता येते, आणि ती घालून काम होते. तीच कंपनी, तेच शहर. बिरसा १०१ च्या करारात अशी मर्यादा असेल तर ती लोकांसमोर ठेवावी. नसेल तर ती घालण्याची वेळ मानवी चाचण्या पूर्ण होण्याआधीची आहे, नंतरची नाही.

इथे सार्वजनिक आरोग्यात हयात घालवलेली माणसे हरकत घेतील आणि त्यांची हरकत वजनदार आहे. क्रिस्परला पैसा कशाला, ते म्हणतील, जेव्हा हायड्रॉक्सियुरियाची गोळी महिनाभर नीट मिळत नाही? हे औषध काही रुपयांना मिळते, तेही गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या सहाशेहून अधिक मुलांवरच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, कळा, रक्त चढवण्याची गरज, मलेरिया आणि मृत्यू हे सगळेच घटले. नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन यांनी किलोमागे दहा मिलिग्रॅम या कमी, ठरावीक मात्रेनेही गंभीर मुलांचे झटके मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे दाखवले. त्याच कामाने आणखी एक समज खोडला: भारतीय सिकलसेल सौम्य असतो, हा. आपल्याकडच्या जनुकप्रकारात गर्भाचे हिमोग्लोबिन जरा जास्त असते हे खरे, पण विदर्भातल्या वॉर्डांत सौम्यपणाचा अनुभव सगळ्यांना येत नाही. शिवाय १९८६ च्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले की जन्मतः निदान करून बाळाला नियमित पेनिसिलिन दिले तर न्यूमोकॉकसचा जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. पेनिसिलिनसाठी नोबेलविजेते हत्यार लागत नाही.

हे सगळे मान्य. पण यातून क्रिस्पर थांबवावे असे निघत नाही, कारण दोन्ही कामांचा पाया एकच आहे. केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन अभियानात, जे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाले, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य होते. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासले गेले, दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. आकडा मोठा आहे. त्याच्या मुळाशी असलेली चाचणी अगदी साधी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात, काही मिनिटे थांबतात आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण ही नळी रुग्ण आणि वाहक यांत भेद करत नाही. त्यासाठी दुसरी, यंत्रावरची चाचणी लागते, आणि नवजात बाळाच्या रक्तात गर्भाचेच हिमोग्लोबिन भरपूर असल्याने तिथे ही नळी निरुपयोगी ठरते. पहिली चाचणी पाड्यावर होते, दुसरी तालुक्याला किंवा जिल्ह्याला. मधल्या प्रवासात किती नमुने, किती अहवाल आणि किती माणसे गळतात, यावर अभियानाचे खरे यश ठरते. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याची रक्तपेशींची मोजणी वरचेवर करावी लागते, तिथेही हीच साखळी लागते. लहान मुलांना कॅप्सूल फोडून देणे अवघड जाते म्हणून एका भारतीय कंपनीने पातळ औषध काढले. परदेशात ज्याला सुमारे ७७ हजार रुपये पडतात ते ६०० च्या आसपास देण्याचे तिने जाहीर केले. पण तेही त्याच साखळीतून खाली यायला हवे. उद्याच्या जनुक-उपचाराला योग्य रुग्ण याच साखळीतून मिळणार. नागपुरात पेशी काढण्याचे यंत्र, निर्जंतुक खोल्या आणि अस्थिमज्जेचे तज्ज्ञ उभे राहिले, तर ज्यांची भावंडे जुळतात त्यांचे साधे मज्जा-प्रत्यारोपण आजच होईल, त्यासाठी बिरसा १०१ ची वाट पाहायची गरज नाही. गोळीचा आणि जनुकाचा पैसा एकमेकांच्या खिशातून काढायचा ही मांडणीच मुळात चुकते.

दुसरी हरकत व्यवहारी वाटते: वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये, म्हणजे प्रश्नच मिटला. कुंडलीऐवजी सिकलसेलचे कार्ड बघा, हे वाक्य भाषणांत टाळ्या घेते. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात साठ-सत्तरच्या दशकांत हाच प्रयोग झाला, सगळ्या गावाची तपासणी करून समुपदेशन दिले. निष्पन्न असे झाले की लोकांनी आपले वाहकपण लपवले, वाहकांना नाकारले गेले, आणि वाहक-वाहक लग्ने तपासणीशिवाय जेवढी झाली असती जवळपास तेवढीच झाली. अमेरिकेतही त्याच काळात सक्तीच्या तपासण्यांनी निरोगी वाहकांना रोगी ठरवले. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्या जमातीत तिसरा माणूस वाहक असतो तिथे जोडीदार नाकारण्याचा सल्ला म्हणजे सोयरिकीची दारे बंद करण्याचा सल्ला. आणि नकार आला तर तो बहुधा मुलीच्या वाट्याला येणार, हे सांगायला संशोधन नको. माहिती द्यावी, गर्भावस्थेतल्या निदानाची सोय जिल्ह्यात असावी, ती कायद्याने मोकळीच आहे. निर्णय जोडप्याचा. पण आज जिवंत असलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या कळा पुढच्या पिढीच्या लग्नाने थांबत नाहीत, एवढे तरी धोरण आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तिसरी हरकत मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. पहिल्या चाचण्या आदिवासींवर होतील. त्यांची संमती खरी असेल का? २००९-१० मध्ये तेलुगू मुलखातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा प्रकल्प राबवला गेला, त्यात वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या. त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लशीमुळे नव्हते असे चौकशीत म्हटले गेले, तरीही २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या त्या तऱ्हेवर कडक ताशेरे ओढले. गोदावरीच्या पलीकडची ही गोष्ट अलीकडे घडू नये असे वाटत असेल, तर संमतीपत्र गोंडी, माडिया, भिली, पावरीत तोंडी समजावून सांगितले पाहिजे, आणि बुसल्फानमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते हे वाक्य पहिल्या पानावर आले पाहिजे. अमेरिकेत मान्य झालेल्या लिफजेनिया या दुसऱ्या जनुक-उपचारावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे, तसेच हे. जोखीम सांगितली तर लोक पळतील, ही भीती शहरी आहे. कळांनी वर्षे काढलेल्या माणसाला जोखीम तोलता येते.

म्हणून बिरसा १०१ च्या चाचण्या दिल्लीपुरत्या न राहता नागपुरात व्हाव्यात. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीचे चंद्रपुरातले केंद्र, तसेच नंदुरबार, चंद्रपूर आणि गडचिरोलीची नवी वैद्यकीय महाविद्यालये निदानात आणि पाठपुराव्यात सुरुवातीपासून धरली पाहिजेत. कारण पाठपुरावा हाच या उपचाराचा सर्वांत लांबलेला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जनुक-उपचार घेतलेल्यांवर पंधरा वर्षे नजर ठेवावी, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची अपेक्षा असते. संपादनाने नको ते काही केले का, हे उशिरा कळू शकते. आता धडगाव तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबाचा विचार करा. दिवाळी झाली की अनेक घरे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत निघतात आणि उन्हाळ्यात परततात. ताप आला, रक्त तपासायचे झाले, तर ते सुरतेच्या बाजूच्या एखाद्या दवाखान्यात, जिथे यांचा कागद कुणी पाहिलेला नसतो. पंधरा वर्षांचा पाठपुरावा म्हणजे राज्याची सीमा ओलांडणारी एक नोंद, दोन्ही राज्यांच्या डॉक्टरांना दिसणारी, आणि ती चालवणारा पगारी माणूस. हा खर्च कारखान्याच्या हिशेबात नसतो, करारात नसतो, किमतीच्या मथळ्यात तर नसतोच. तो उपचाराच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरायचा की नंतर कुणाच्या तरी गळ्यात मारायचा, हे पुणे, मुंबई आणि दिल्ली यांना चाचणीचा पहिला रुग्ण भरती होण्याआधी ठरवावे लागेल.